पाचव्या शीलापाशी

मी कॅनडाला निघाले त्या दिवशी आम्ही घरातून थेट जीपकडे गेलो नाही. आधी विहारात गेलो. युसूफ वडगावात आमच्या घरातले कोणी शिकायला किंवा नोकरीला दूर निघाले, की ही रीत पाळली जाते. सामान जीपमध्ये आणि माणसे चटईवर. माझे वडील, ज्यांना आम्ही अप्पा म्हणतो, निवृत्त शिक्षक आहेत. पंचशीलाची एकेक ओळ ते सांगत आणि बाकीचे त्यांच्यामागून म्हणत. त्या सकाळीही पहिल्या चार ओळी सर्वांनी एका आवाजात म्हटल्या. पाचवीला आवाज किंचित पातळ झाला, कारण माझ्या शेजारी बसलेले उत्तमकाका, अप्पांचे धाकटे भाऊ, नेहमीप्रमाणे गप्प राहिले.

जीप सुटताना अप्पा मला नावाने हाक मारून म्हणाले, "ठिकाण बदलेल, मित्रा. शील बदलू देऊ नकोस."

काकांनी खिडकीतून कारळाच्या चटणीचा डबा आत सरकवला. "तिथं थंडी लई हाय म्हणत्यात. कान झाकून ऱ्हा."

पुढे कॅलगरीत मला या दोन्ही उपदेशांची गरज पडली. कानांची आधी पडली.

ज्यांना पंचशीलाचा परिचय नाही, त्यांच्यासाठी थोडे स्पष्ट करते. हिंसा, चोरी, व्यभिचार, असत्य आणि नशा यांपासून दूर राहण्याची ही पाच वचने आहेत. ती कोणी कोणावर लादत नाही. प्रत्येकाने स्वतः घ्यायची असतात. आजोबांनी दीक्षा घेतली तेव्हापासून आमच्या घरात त्यांचा उच्चार रोज होतो. उत्तमकाकांनी अनेक वर्षे ट्रक चालवला. त्या रस्त्यांवर त्यांना गांजाची सवय लागली. ती त्यांनी कधी लपवली नाही, तिचे समर्थनही केले नाही. फक्त पाचवे शील म्हणणे सोडले. लहानपणी मी कारण विचारले, तेव्हा ते म्हणाले, "पाळत न्हाई ते म्हनायचं कसं? खोटं बोललो तर चौथंबी जाईल."

गावात त्यांची थट्टा होई. विहाराच्या पायरीवर कोणीतरी म्हणायचेच, "आले बे, चार शीलाचे उपासक!" काका चपला काढता काढता उत्तर देत, "चार तर चार बे. तू किती पाळतूस, ते सांग की." मग विचारणाराच हसत बाजूला होई.

मी परदेशी जाण्याच्या दोन वर्षे आधी पोलीस घरी आले. ओसरीवरच्या खुंटीला काकांची पिशवी होती आणि तिच्यात एक पुडी निघाली. काका तेव्हा शेतात होते. हवालदाराने अप्पांना विचारले, "गुरुजी, पिशवी कोणाची?"

ओसरीवर आमची, भाडेकरूंची, येणाऱ्याजाणाऱ्यांची, अशा सात-आठ माणसांच्या वस्तू टांगलेल्या असत. "मला माहीत नाही" हे उत्तर कोणालाही खोटे वाटले नसते. आई अप्पांकडे पाहत होती. मी आईकडे पाहत होते.

"माझ्या भावाची," अप्पा म्हणाले.

काकांना शेतातून नेले. काही आठवडे ते आत होते. मग जामीन आणि मग तारखा. ट्रकच्या मालकाने दुसरा ड्रायव्हर ठेवला. परत आल्यावर काका अप्पांसमोर उभे राहिले आणि एवढेच म्हणाले, "दादा, तुमी तुमचं चौथं पाळलं. पाचवं माझं हाय. तुमी कावून मान खाली घालता?"

अप्पांची मान मात्र त्यानंतर कित्येक वर्षे काकांसमोर वर झाली नाही.

कॅलगरीत मी एका शाळेत गणित शिकवते. घरापासून ट्रेन स्टेशनपर्यंतच्या वाटेवर एक बेकरी, एक औषधांचे दुकान आणि त्यांच्या मधोमध गांजाचे दुकान आहे, कारण इथे तो कायदेशीर आहे. पहिल्यांदा मला ते चष्म्यांचे दुकान वाटले, इतके ते स्वच्छ, पांढऱ्या उजेडाचे. दारात वय तपासतात. आत काउंटरवरची मुलगी ग्राहकाला कोणत्या डबीतला माल किती तीव्र आहे, हे शांतपणे समजावून सांगत होती. मी वर्गात अपूर्णांक समजावते तसे. त्याच आठवड्यात काकांची तारीख होती. मी दाराशी जाड पार्का कोटाची टोपी ओढून उभी राहिले आणि मला फार राग आला. कोणाचा, ते ठरवता येईना.

रागाच्या भरात मी ते सगळे अप्पांना फोनवर सांगितले. ती माझी चूक होती.  मग अप्पांनी, वर्गात शंका विचारणाऱ्या विद्यार्थ्यासारखे, विचारले, "म्हणजे तिथे असता, तर आपला उत्तम गुन्हेगार ठरला नसता?"

"नाही, अप्पा."

"मग मी त्या दिवशी काय केले?"

 या प्रश्नाचे उत्तर मी गेली काही वर्षे शोधते आहे.

त्या शोधात मला एक गोष्ट शिकावी लागली. एखादी वस्तू अपायकारक आहे का, ती घेणे चूक आहे का, आणि ती घेणाऱ्याला कोंडावे का, हे एकच प्रश्न नव्हेत. आपण चर्चेत ते एका दमात विचारतो आणि एकाचे उत्तर दुसऱ्याला चिकटवतो. आमच्या शाळेजवळ आणखी एक दुकान उघडायचे ठरले, तेव्हा परिसरातल्या रहिवाशांची सभा झाली. समर्थन करणारे स्वातंत्र्याबद्दल बोलले. मी मनातून त्यांच्या बाजूची होते. मग एक आई उठली. तिचा मुलगा दोन वर्षे खोलीबाहेर पडत नव्हता. पहिल्यांदा त्याने गांजा घेतला, तेव्हा तो माझ्या विद्यार्थ्यांच्याच वयाचा होता. ती ओरडली नाही, रडली नाही. फक्त म्हणाली की दुकान शाळेपासून लांब असावे. माझी पाळी आली तेव्हा मी सांगितले की माझ्या काकांना एका पुडीसाठी कोंडले होते आणि तसे कोणालाही कोंडू नये. आणि या बाईंचे म्हणणे बरोबर आहे. दोन्ही बाजूंनी थोड्या टाळ्या पडल्या. घरी येताना वाटले, अप्पांना अजूनही उत्तर दिलेले नाही.

गेल्या वर्षी निकाल लागला. आत काढलेले दिवस हीच शिक्षा धरून काकांना सोडले. मी अभिनंदनाचा फोन केला, तेव्हा आईने हळूच सांगितले की काकांनी गांजा त्या अटकेपासूनच सोडला आहे. इतक्या वर्षांत एकदाही घेतला नाही. मला आश्चर्य वाटले, कारण दर शनिवारी संध्याकाळी, म्हणजे तिकडच्या रविवारी सकाळी, मी व्हिडिओ कॉलवर विहारातल्या वंदनेला बसते, आणि काका पाचव्या शीलापाशी आजही गप्प असतात.

मी त्यांनाच विचारले.

"सोडलाय ना," काका म्हणाले. "पन पोलिसाच्या भ्यानं सोडलाय, मित्राबाई. भ्यानं सोडलं त्याला शील म्हनत्यात का? ज्या दिशी मनानं सुटंल, त्या दिशी म्हनंन."

मोबाइल अप्पांच्या हातात होता. त्यांनी ते ऐकले. 

त्या संवादानंतर ट्रेन स्टेशनची वाट मला वेगळी वाटू लागली. गावी मी पाचवे शील हजारो वेळा म्हटले, पण तिथे ते पाळण्यासाठी मला काहीच करावे लागले नव्हते. इथे दुकान उघडे आहे, कायदा आड येत नाही, ओळखीचे कोणी बघत नाही. आणि मी रोज दारावरून पुढे जाते. ते वचन माझे झाले ते परक्या शहरात.

पुढच्या शनिवारी मी नेहमीप्रमाणे फोन उभा करून बसले. चटईवर अप्पा, आई, काका आणि दोन-तीन शेजारी. अप्पांनी पहिली ओळ सांगितली, दुसरी, तिसरी. चौथी सांगताना त्यांचा आवाज थोडा अडखळला. पाचवीला काका गप्प झाले. आणि अप्पाही गप्प झाले. ज्यांनी आयुष्यात सुपारीचे खांडही तोंडात टाकले नाही, ते अप्पा हात जोडून, डोळे मिटून, धाकट्या भावाच्या शेजारी ती ओळ न सांगता नुसते बसून राहिले.

काकांनी मान वळवून पाहिले. "दादा, तुमचं काय राह्यलं?"

"माझेही पाचवे भीतीनेच पाळलेले होते, उत्तम," अप्पा म्हणाले. "लोक गुरुजी म्हणतात, याची भीती." आणि त्यांनी मान वर करून भावाकडे पाहिले.

 शेवटी आई म्हणाली, "आता दोघंबी मुके झाले का? मंग मीच म्हनते, बाई!" आणि तिने ती ओळ आपल्या चिरक्या, बेसूर आवाजात सुरू केली.

गावी राहिलेल्यांनो आणि माझ्यासारख्या दूर आलेल्यांनो, घर कोणते, असे मला कोणी विचारले, तर आता मी ती चटई सांगते. तिथे खोटे म्हणण्यापेक्षा गप्प राहिलेल्या माणसाला कोणी ओळीतून उठवत नाही.

आईचा आवाज एकटा पडू नये म्हणून, खिडकीबाहेर बर्फ पडत असताना, मी तिच्यामागून पाचवी ओळ म्हटली. मोठ्याने म्हटली.