काळं मटण

गल्लीत एकाच घरी फ्रीज होता, त्या काळची ही गोष्ट. कोल्हापूरच्या बाजारात एक मुसलमान म्हातारी सुकं मटण विकायची. वैशाखात गगनबावड्याकडची माणसं पावसाळ्याच्या बेगमीला ते घ्यायला यायची. ती मटणाला मीठ, हळद आणि आमसुलाचं पाणी लावून वाळवायची, त्यामुळं ते काळपट दिसायचं. पलीकडचा दुकानदार फटाक्यांच्या दारूत घालतात तो सोरा चोळायचा, म्हणून त्याचं लालभडक राहायचं. लोक रंगाला भुलायचे, दुसरं काय!

कुणी नाक मुरडलं की म्हातारी खेकसायची, "मेल्यालं बकरं हाय की पावणं, लाल कशापायी दिसंल?" मग शेगडीवर तुकडा भाजून तो मोडायची. अर्धा आधी आपल्या तोंडात टाकायची आणि उरलेला गिऱ्हाइकाच्या हातावर ठेवायची.

एका वैशाखात मी नेहमीसारखा मटण घ्यायला गेलो, तर तिच्याही दोरीवर लाल मटण दिसलं. दुपारच्या आत निम्मं खपलं होतं.

"चाची, सोरा लावला व्हय?" मी विचारलं.

"काळं कोन घेत न्हाय, बाबा."

सवयीनं मी हात पुढं केला. तिनं तुकडा भाजला, आणि न मोडता अख्खाच माझ्या हातावर ठेवला.