‘नंतर’चा रकाना

जव्हारच्या गोकुळ गुरुजींची प्रतिभा पुण्याची नोकरी सोडून परत आली, तेव्हा लोकांनी तिला वेड्यात काढलं. कॉम्प्युटर शिकलेली मुलगी, चांगली कंपनी, आणि आली कुठे, तर घरी! पण तिच्या मनात ब्याण्णव साल रुतून बसलं होतं. तेव्हा ती नववीत होती. वावर-वांगणीकडे धुरळा उडवत जाणाऱ्या साहेबांच्या गाड्या तिने पाहिल्या होत्या. कुपोषणाने पोरं गेल्यावर गाड्या आल्या, हे नववीतल्या मुलीलाही कळत होतं. गाडी आधी पोचली पाहिजे, एवढंच तिचं म्हणणं होतं.

२००५ साली एका संस्थेने तिला नेमकं तेच काम दिलं. पाड्यापाड्यावर लहान मुलांची वजनं व्हायची. ती कॉम्प्युटरवर चढवली की धोक्यातल्या मुलांची यादी आपोआप निघायची आणि संस्थेच्या डॉक्टरांची जीप त्या पाड्यावर जायची. प्रोग्रॅम लिहायला धर्मेंद्र, तो तपासायला खोडाळ्याची हर्षाली आणि दोघांच्या वर प्रतिभा. तिघांचा कारभार एसटी डेपोजवळच्या एका खोलीत चालायचा.

पुण्याहून प्रतिभाने ‘एजाईल’ पद्धत आणली होती. डोंगराएवढं काम एकदम करायचं नाही. पंधरा दिवसांत होईल तेवढं करायचं, वापरणाऱ्यांच्या हातात द्यायचं, ते काय म्हणतात ते ऐकायचं आणि मग पुढचं धरायचं. भिंतीवर दोन रकाने आखले होते, ‘आत्ता’ आणि ‘नंतर’. प्रत्येक कामाचा एक पिवळा कागद. रोज सकाळी तिघं भिंतीपुढे उभे राहून कुठला कागद कुठे जाणार ते ठरवायचे. प्रतिभा माणसांना जपणारी होती. रविवारी काम नाही, हर्षालीची खोडाळ्याची गाडी चुकता कामा नये, धर्मेंद्रवर एका वेळी दोनच कामं. अशी साहेबीण मिळायला नशीब लागतं, असं धर्मेंद्र चहाच्या टपरीवर सांगायचा.

पहिल्याच महिन्यात घोळ झाला. वजनं टाइप करणाऱ्या बायका ८.१ च्या जागी ८१ करायच्या, कधी १.८. धर्मेंद्रने अर्ध्या दिवसात उपाय काढला. मागच्या वजनापेक्षा फार जास्त किंवा अर्ध्या किलोहून अधिक घटलेला आकडा आला, तर चौकट लाल होणार आणि आकडा घेणार नाही.

“पोर वाढतं ताई, घटतं थोडंच?” तो म्हणाला आणि तिघंही हसले. प्रतिभाही हसली. जव्हारच्या मातीतली मुलगी, तिने हसायला नको होतं.

हर्षालीला मात्र दोन दिवसांनी चैन पडेना. तिने कागद लिहिला, ‘वजन घटलं तर विचारावं, अडवू नये.’ आणि ‘आत्ता’त लावला.

“दगडापेक्षा वीट मऊ,” प्रतिभा म्हणाली. “चुकीचे आकडे तरी थांबले. हे पुढच्या पंधरवड्यात बघू.” पुढच्या पंधरवड्यात छपाईचं काम निघालं, त्याच्या पुढच्या वेळी देणगीदारांसाठी रंगीत आलेख. कागद ‘नंतर’मध्ये गेला तो गेला. तिसऱ्यांदा हलवताना हर्षाली चिडवायच्या सुरात म्हणाली होती, “ताई, आजचं मरण उद्यावर.”

मे २००६ च्या एका शुक्रवारी देणगीदार आले. भिंतीवर आलेख उमटला. धोक्यातली मुलं ऑक्टोबरपेक्षा तिपटीने कमी! टाळ्या पडल्या. प्रतिभाला वडिलांची आठवण झाली, ऊर भरून आला. पाहुणे गेल्यावर हर्षाली हळूच म्हणाली, “ताई, मे महिन्यात कमी? आपल्याकडे मे महिन्यात कधी कमी झालंय?”

दिवाळीनंतर पाडेच्या पाडे वीटभट्ट्यांवर जातात, भिवंडीला, वसईला. पाऊस तोंडावर आला की परततात, तेव्हा पोरं हाडांचा सापळा झालेली असतात. हे प्रतिभाला माहीत नव्हतं का? चांगलं माहीत होतं. तिने घाईघाईने आकडे उघडले. एकेचाळीस मुलांचं मेचं वजन ऑक्टोबरच्या वजनाशी तंतोतंत जुळत होतं, दशांशासकट.

निरोप गेला आणि सोमवारी सकाळी प्रेमाबाई आली. तीन पाड्यांवर वजनं करणारी, सातवी शिकलेली, चाळिशीची बाई. ती महिन्यातून एकदा वही घेऊन जव्हारला यायची आणि स्वतःच टाइप करायची.

“प्रेमाबाई, खरी वजनं कुठेत?”

“हीं काय, वहीत,” तिने वही पुढे केली. “यंत्र घेतंच नाय बाय. लाल व्हतं. मंग मी मागलाच आकडा घालतंय, तवा हिरवा व्हतं. मी तुमाला बोललेलं ना, यंत्र ऐकत नाय. तुमी बोलल्या, पुढच्या पंधरा दिसांत करतो.”

ते खरं होतं. प्रतिभाला तो दिवसही आठवला.

“पण मग डॉक्टरांना चिठ्ठी का नाही पाठवली? पूर्वी पाठवायच्या तशी?”

पूर्वी प्रेमाबाई पोराचं नाव कागदाच्या कपट्यावर लिहून एसटीच्या कंडक्टरच्या हाती द्यायची आणि दुसऱ्या दिवशी जीप दारात उभी असायची.

“तुमीच बोलल्या ना, आता चिठ्ठी नको. नाव यादीतनं जाईल.”

दुहेरी काम वाचावं म्हणून प्रतिभानेच ते बंद केलं होतं. ती वही उघडून बसली. पेन्सिलने लिहिलेले आकडे समोर होते. राही, जानी आणि अनंताची, अडीच वर्षांची. ऑक्टोबर ९.४. मे ७.६.

“हिच्याकडे आजच्या आज जीप पाठवते,” तिने फोनकडे हात नेला.

“राहीकडं नको बाय. ती गेली. गुरुवारी.”

गुरुवारी प्रतिभा आणि धर्मेंद्र आलेखाचा हिरवा रंग गडद ठेवावा की फिका, यावर तासभर बोलत बसले होते. कोणाला शिव्या घालाव्यात? धर्मेंद्रला? त्याने सांगितलं ते केलं होतं. ‘आत्ता’ आणि ‘नंतर’ ठरवणारा हात तिचाच होता.

धर्मेंद्रने खाली मान घालून तो नियम बदलला. अठरा मिनिटं लागली. सात महिने भिंतीवर लोंबणारं काम अठरा मिनिटांचं होतं. तोवर प्रतिभा आणि हर्षाली जीप येतेय, पोराला घरीच ठेवा, अशा चिठ्ठ्या पाड्यांवर धाडायला हाताने लिहीत होत्या, चाळीस पोरांच्या चाळीस. प्रतिभा डेपोपर्यंत पळत गेली, सुटणाऱ्या प्रत्येक गाडीच्या कंडक्टरपुढे हात जोडले. मग जीपवाल्या डॉक्टरांना तिने फोनवर यादी वाचून दाखवली. एकेचाळिसावं नाव वाचायचं नाही, हे तिला दोनदा स्वतःला सांगावं लागलं.

ती परत खोलीत आली, तेव्हा प्रेमाबाई पाड्याची वजनं नव्याने टाइप करत होती. सगळे खरे आकडे आत गेले. एकच चौकट उरली. ती भरल्याशिवाय पाडा पूर्ण होत नव्हता. प्रेमाबाईने शून्य दाबलं, पण शून्य म्हणजे यंत्राच्या लेखी वजनच नव्हतं. लाल. चौकट मोकळी ठेवून पाहिली. लाल.

मूल दगावल्याची नोंद कुठे करायची, याचाही एक पिवळा कागद होता. ‘नंतर’च्या रकान्यात, सर्वांत खाली, प्रतिभाच्या अक्षरातला.

“काय घालू बाय?” प्रेमाबाईने विचारलं.

प्रतिभा तो कागद काढायला भिंतीकडे वळली. प्रेमाबाईला दोनची गाडी गाठायची होती. मग सवयीने तिने ऑक्टोबरचाच आकडा घातला, ९.४, आणि राहीची चौकट हिरवी झाली.