वैनीनं शिवलेला पळस

खर्डीच्या बाजूला आमचं गाव. भाताची कामं उरकून फाल्गुन लागला की आई गोधड्या शिवायला काढायची. थोरल्या भावाचं लग्न झालं तेव्हा मी पाचवीत होते. वैनी मुरबाडकडची, सिद्धगडाच्या पायथ्याच्या गावातली. लग्नानंतरच्या पहिल्याच फाल्गुनात आईनं तिच्यापुढं जुन्या लुगड्यांचा ढीग आणून टाकला.

सारवलेल्या अंगणात आम्ही लुगडी एकावर एक अंथरली, कडांवर दगड ठेवले आणि तिघी तीन बाजूंना बसलो. सुया ओवून द्यायचं काम माझं. कुंपणातल्या करवंदीला पांढरी फुलं आली होती, त्यांचा वास अंगणभर असायचा.

वैनी टाके फार बारीक घालायची. आई म्हणायची, "अगो, असं शिवत बसलीस तर पावसाळा येल." वैनी हसायची, पण टाका काही मोठा करायची नाही.

एका दुपारी सुई तशीच धरून ती म्हणाली, "वन्सं, तुमच्या गावात पळस नाय का?"

"आहे की. ओढ्याजवळ एक आहे."

"एकच?" तिला ते खरंच वाटेना. "आमच्याकडं अख्खी टेकडी लाल होते. आता फुलला असल."

एवढं बोलून तिनं आईकडं पाहिलं आणि मान खाली घातली. दिवाळीला तिला माहेरी धाडलं होतं; पण दिवाळीत पळसाला नुसती पानं.

दुसऱ्या दिवशी तिनं स्वतःची एक विटकी केशरी चोळी फाडली. पोपटाच्या चोचीसारख्या वाकड्या पाकळ्या कापल्या. देठासाठी बाबांच्या मोडक्या छत्रीचं काळं कापड घेतलं आणि गोधडीच्या मधोमध पळसाचा एक घोस शिवला. आई परड्यातून आली, बघत उभी राहिली.

"अंगावर घ्यायच्या गोधडीला फुलं कशाला?" म्हणाली. वैनी बारीक टाके घालत राहिली. आईनं ते उसवायला लावलं नाही. रात्री जेवताना मात्र ती भावाला म्हणाली, "हिला चार दिवस माहेरी सोडून ये. पोरीलाही घेऊन जा."

मी अशी पहिल्यांदाच मुरबाडकडं गेले. एसटीतून उतरून बरंच चालायचं होतं. वळणावर टेकडी दिसली आणि वैनी थांबली. फुलं गळायला लागली होती, तरी झाडांवर एक पान दिसत नव्हतं, सगळा केशरी रंगच. वैनीनं खालची फुलं वेचून पदरात घेतली. डोळे भरले होते तिचे, पण हसत होती. "बघितलंत का वन्सं? मी खोटं नाय बोलले."

पुढं भावाला वाशिंदच्या कारखान्यात काम लागलं आणि दोघं तिकडं राहायला गेली. मला दिलं ते नेमकं मुरबाड तालुक्यात, वैनीच्या माहेरापासून दोन गावं सोडून. आता पळस माझ्या दारात आणि वैनी तिसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत. तिचे आईवडीलही राहिले नव्हते. फाल्गुन आला की मी तिला फोन करायची.

"फुलला का हो वन्सं?" ती पहिलं तेच विचारायची. मग म्हणायची, "येते यंदा." पण तेव्हाच पोरांच्या परीक्षा असायच्या, नाहीतर भावाची पाळी बदलायची. दर वर्षी काहीतरी निघायचं. मी एकटी अंगणात गोधडी अंथरायची आणि समोरची बाजू रिकामी दिसायची.

शेवटी एका वर्षी थोरल्या पोराची दहावी आटोपल्यावर ती आली. तोवर चैत्र संपत आला होता. पळसावर कोवळी पानं होती, फूल एकही नाही. बांधावरच्या कुड्याला पांढरे झुबके लागले होते, त्यातला एक तोडून तिनं केसांत माळला आणि म्हणाली, "चला, गोधडी काढा. हात शिवशिवतायत."

दोन दिवस आम्ही समोरासमोर बसून शिवत होतो. तिला आता चष्मा लागला होता, म्हणून सुई मीच ओवून द्यायची. तिसऱ्या दिवशी दुपारच्या गाडीनं ती गेली. मी फाट्यापर्यंत पोचवायला गेले, परत आले आणि गोधडीपाशी बसले. दोन-तीन ओळी घातल्या. पुढं हात चालेना, म्हणून गुंडाळून ठेवली.