सातव्या इनिंगमधली हिट

सही न देण्याचा हक्क प्रत्येकाला आहे. हे आधीच लिहून टाकते, कारण पुढे मी ज्या माणसावर चिडणार आहे त्याची बाजू आधी मांडावी अशी शिस्त मला घरातून लागली आहे. पुण्यात असताना माझी आई चळवळीत होती. आम्ही अमेरिकेत आलो तेव्हा मी चार वर्षांची होते. आईच्या बॅगेत लोणच्याच्या बरण्यांभोवती गुंडाळलेली पत्रकं होती. काही घरकामगार बायकांच्या संघटनेची, काही धरणग्रस्तांची, काही बुवाबाजीच्या विरोधातली. मराठी गोष्टींची पुस्तकं दोनच होती आणि ती पाठ झाली, मग मी तेल लागलेल्या त्या पत्रकांवर वाचायला शिकले. 'आमच्या मागण्या' हे शब्द मला 'आटपाट नगर'च्या आधी वाचता यायचे.

बाबाला मागण्या वगैरे जमत नाहीत. तो पाइपलाइनचा इंजिनियर आहे. हॉटेलात चुकीची भाजी आली तरी तो तीच खातो. बावीस वर्षांत त्याने या देशात कोणाकडे काही मागितलेलं मी पाहिलं नव्हतं. म्हणून मागच्या उन्हाळ्यात त्याने एका पिचरची, म्हणजे बेसबॉलमधल्या बोलरची, सही हवी म्हटल्यावर मी आणि आई दोघी त्याच्याकडे बघतच राहिलो.

आठ वर्षांपूर्वी बाबाची नोकरी गेली होती. व्हिसावर असलेल्या माणसाला दुसरी शोधायला साठ दिवस मिळतात. त्याला ती सत्तावन्नाव्या दिवशी मिळाली, पण उत्तरेकडच्या एका शहरात. मी बारावीत होते, म्हणून आई आणि मी इथे शुगर लँडला राहिलो आणि तो सात महिने तिकडे मोटेलच्या खोलीत एकटा राहिला. रविवारी काय करायचं म्हणून बेसबॉलच्या मैदानावर जाऊन सगळ्यात वरच्या रांगेत बसायचा. शेजारी एक म्हातारी बाई मांडीवर पुठ्ठा ठेवून हाताने स्कोअर लिहीत असायची. बाबा नागपूरला कॉलेजच्या क्रिकेट टीमचा स्कोअरर होता. त्याला हे दिसल्यावर तो कुठला गप्प बसतोय? तिने त्याला खुणा शिकवल्या आणि पुढच्या रविवारी तो स्वतःची पेन्सिल घेऊन गेला.

त्याला ज्या पानावर सही हवी होती, ते त्याने पहिल्यांदा पूर्ण लिहिलेल्या सामन्याचं पान. त्या दिवशी एका तरुण पिचरने समोरच्या टीमला संपूर्ण सामन्यात एकच हिट दिली, म्हणजे फटका मारून बेसपर्यंत पोचला असा एकच बॅटर, तोही सातव्या इनिंगमध्ये. ती नसती तर तो 'नो-हिटर' झाला असता. असा सामना बहुतेक पिचरांच्या आयुष्यात एकदाही येत नाही. चेंडू सरपटत शॉर्टस्टॉपच्या, म्हणजे मधल्या एका फील्डरच्या, डावीकडून गेला, शॉर्टस्टॉपने झेप घेतली, चेंडू निसटला. ही बॅटरची हिट धरायची की फील्डरची चूक, म्हणजे 'एरर', हे वर काचेच्या खोलीत बसलेला स्कोअरर ठरवतो. एरर ठरली असती तर पिचरच्या नावावर डाग लागला नसता. स्कोअररने हिट दिली. बाबानेही त्या चौकोनात हिटच लिहिली. त्या सात महिन्यांतून त्याने घरी आणलेली स्वतःची अशी वस्तू ती एकच, एक पान.

आता तो पिचर छत्तीसचा झाला होता. कोपराचं ऑपरेशन करून घेतलं होतं आणि हात परत चालतो का हे बघायला त्याला मोठ्या टीमने तीन दिवसांसाठी आमच्या इथल्या छोट्या मैदानावर पाठवलं होतं. शुक्रवार, शनिवार, रविवार. यानंतर तो खेळणं सोडणार असं सगळे बोलत होते.

"तीन दिवस आहेत," बाबा म्हणाला. "आरामात होईल."

शुक्रवारी आम्ही गेट उघडायच्या आधीच पोचलो. बाबाच्या हातात फाइल होती. आमच्या ओळखीतल्या प्रत्येक मराठी घरात ती फाइल असते: प्लॅस्टिकच्या पाकिटांची, कप्प्यांना लेबलं लावलेली, व्हिसाच्या मुलाखतीसाठी पहिल्यांदा केलेली आणि नंतर हाडात मुरलेली. एका पाकिटात मूळ पान. दुसऱ्यात त्याच्या दोन रंगीत कॉप्या, समजा मूळ पानावर शाई पसरली तर. तिसऱ्यात त्या दिवसाचं तिकीट, पुरावा म्हणून. निळे मार्कर दोन. सगळ्यात मागे बाबाच्या पासपोर्टची झेरॉक्स.

"बाबा, पासपोर्ट कशाला?"

"असू दे. मागितला तर?"

मैदानालगतच्या कठड्यापाशी गेल्यावर मला कळलं की तिथे अशा फायली घेऊन आणखीही माणसं उभी आहेत. ते डीलर. सह्या गोळा करायच्या आणि इंटरनेटवर विकायच्या, हा त्यांचा धंदा. त्यांच्याकडेही प्लॅस्टिकची पाकिटं, एकाच खेळाडूच्या फोटोच्या तीन-तीन कॉप्या, निळे मार्कर. पासपोर्ट सोडला तर बाबा अगदी त्यांच्यातला दिसत होता.

पिचर आला. उंच, दाढीत थोडं पांढरं, कोपरावर काळा पट्टा. बाबाने फाइल उघडून पुढे केली. पिचरने कॉप्या बघितल्या आणि चालता चालताच म्हणाला, "डीलर्सना देत नाही."

"सॉरी, सर," बाबा म्हणाला.

सॉरी! आठ वर्षं जपलेलं पान हातात धरून उभा असलेला माणूस, ज्याने आयुष्यात जुना सोफासुद्धा विकला नाही, फुकट देऊन टाकला, तो सॉरी म्हणाला. आणि पिचर तिथून वीस पावलांवर, पुढच्या रांगांच्या पाहुण्यांसाठी दोरी बांधलेली जागा होती, तिथे जाऊन उभा राहिला. तिथे गारेगार पेयं होती, पांढरे टेबलक्लॉथ होते. तिथे त्याने गप्पा मारत सात सह्या केल्या. मी मोजल्या. तिथे कोणालाही त्याने विचारलं नाही की तू हे विकणार आहेस का. महागड्या तिकिटाच्या माणसाचा हेतू शुद्ध असतो, हे त्याला कोणी सांगितलं? आणि पाकिटं लावून, कागदपत्रं नीट ठेवून, दोन कॉप्या काढून आलेला माणूस संशयित? याच देशाच्या सरकारी खिडक्यांनी बाबाला ती फाइल करायला शिकवलं होतं. एक कागद कमी पडला तर परत पाठवायचे, आणि आता सगळे कागद आहेत म्हणून परत पाठवलं.

मी त्या दुपारी घरी येऊन पत्रक लिहिलं. इंग्लिशमध्ये, एक पान, चाळीस कॉप्या. त्यात मी पिचरला शिव्या दिल्या नव्हत्या. खेळाडू हाही कामगार आहे, त्याचं शरीर हे त्याचं हत्यार आहे, त्याच्या थकव्याचा मान राखा, असं पहिल्या परिच्छेदात होतं. दुसऱ्यात दोरीबद्दल होतं. सही द्यायची तर दोरीच्या दोन्ही बाजूंना, नाहीतर कुठेच नाही, ही मागणी ठळक अक्षरात होती. आईने वाचून दोन ठिकाणी 'विनंती' हा शब्द खोडून टाकला.

शनिवारी मी ती पार्किंगमध्ये वाटली. उकाडा असा होता की कपडे अंगाला चिकटत होते. लोकांनी हसून पत्रकं घेतली, दुमडली आणि त्यांचा पंखा करून वारा घेतला. एका काकूंनी उलटसुलट करून विचारलं, "यावर हॉट डॉग फ्री आहे का?" नाही म्हटल्यावर त्यांनी ते परत दिलं.

बाबाला एक आमच्याच गाडीच्या काचेवर सापडलं. मीच घाईत लावलं होतं. त्याने ते शेवटपर्यंत वाचलं.

"इंग्लिश छान आहे तुझं."

"बाबा, तू काही चूक नसताना सॉरी म्हणालास."

"सॉरी म्हटलं की माणूस दोन सेकंद थांबतो. मला तेवढेच पाहिजे होते."

"तो थांबला नाही."

"हो, पण कधी कधी थांबतात." त्याने पत्रकाची घडी करून खिशात ठेवली. "हे बघ, मला सही पाहिजे. न्याय तू नंतर सावकाश आण."

त्या दिवशी पिचर कठड्याकडे आलाच नाही. आतून बाहेर आला, चेंडू टाकले, आत गेला.

रविवारी बाबाने फाइल घरी ठेवली. फक्त ते पान घेतलं, एका पुठ्ठ्याला चिमट्याने लावलेलं, आणि मला अट घातली. "तू मागे उभं राहायचं. आणि यार, प्लीज, बोलायचं नाही." बाबा 'यार' म्हणतो तेव्हा तो घाबरलेला असतो.

सराव संपवून पिचर परत येत होता. कठड्यावर पंधरा-वीस हात पुढे आले होते. तो मान खाली घालून त्यांच्यासमोरून चालला होता. बाबाने पुठ्ठा पुढे केला आणि फक्त त्या शहराचं नाव घेतलं आणि म्हणाला, "मी तिथे होतो. सगळ्यात वर."

पिचरची नजर पानावर गेली आणि तो थांबला. त्याने पुठ्ठा हातात घेतला. ग्लव्ह काखेत धरला आणि बोटाने एकेक चौकोन वाचत गेला, पहिली इनिंग, दुसरी. आपल्या जुन्या कॉलेजच्या गेटातून कोणी आत जावं तसा तो वाचत होता. "हे तुम्ही लिहिलंत?" त्याने विचारलं. बाबाने मान हलवली. मला वाटलं झालं, मिळाली सही. बाबाने मार्कर पुढे केला. पिचरने तो घेतला, टोपण काढलं आणि त्याचं बोट सातव्या इनिंगवर थांबलं.

"हे चुकलंय," तो म्हणाला.

"काय?"

"ही एरर होती. तुम्ही हिट लिहिलीय."

"स्कोअररने हिट दिली होती, सर."

"स्कोअररला काय माहीत? तो वर एसीत बसला होता. चेंडू शॉर्टस्टॉपच्या ग्लव्हला लागला होता."

इथे माझी पंचाईत झाली. वर एसीत बसलेला कोणीतरी खाली राबणाऱ्याच्या कामाचा निकाल लावतो, यावर मी अर्धं आयुष्य वाचत आले आहे. एका वाक्यापुरती मी पूर्णपणे पिचरच्या बाजूची होते.

"मी पण वरच बसलो होतो," बाबा म्हणाला. "एसी नव्हता. मला नीट दिसलं. ग्लव्हला नव्हता लागला. त्याने झेप घेतली, पण चेंडू एवढा लांब होता." त्याने दोन्ही हातांनी वीतभर अंतर दाखवलं.

पिचर हसला. चांगलं हसू नव्हतं ते. "पेन्सिलने लिहिलंय ना? खोडून टाका. एरर लिहा. मग मी करतो सही. मोठी करतो, तुमच्या नावासकट."

कठड्यावरचे सगळे ऐकत होते. कोणीतरी ओरडलं, "अहो करा ना, सही मिळतेय!" एका डीलरने तर स्वतःचा खोडरबर पुढे केला.

आणि मी, पत्रकांवर वाढलेली, जिने चाळीस कॉप्यांमध्ये तत्त्व ठळक केलं होतं, मी मनात ओरडत होते: खोड, बाबा! एक चौकोन आहे. कोणाला कळणार आहे? आठ वर्षं थांबलास त्याच्यासाठी. खोड!

बाबाने पानाकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं, इतका की पिचरने मार्कर एका हातातून दुसऱ्या हातात घेतला.

"नाही, सर," बाबा म्हणाला. "हिट होती. बाकी आठ इनिंगमध्ये तुम्ही फार सुंदर टाकलंत."

पिचरने टोपण लावलं, टच्च आवाज करून. मार्कर परत दिला, पुठ्ठा परत दिला. "मग नाही जमणार," म्हणाला, आणि पायऱ्या उतरून आत गेला. दुसऱ्या दिवशी तो गावातून निघून गेला.

गाडीत बसल्यावर माझं तोंड सुटलं. ही सौदेबाजी आहे, म्हणाले. माणसाने सही द्यावी किंवा देऊ नये, पण सहीच्या बदल्यात समोरच्याने आपलं पाहिलेलं खोटं म्हणावं ही मागणी करायची कोणाची हिंमत होते? ज्याच्यापुढे रोज हात पसरले जातात त्याचीच. पगार, व्हिसा, सही, सगळीकडे तेच: तू फक्त एवढं बदल, मग देतो. मला अजूनही त्या माणसाचा राग आहे. त्याच्यावर अन्याय झालाही असेल. त्या काचेच्या खोलीकडे जाऊन त्याने भांडायला हवं होतं. तो माझ्या बाबाशी भांडला, कारण बाबा हाताशी होता आणि त्याला काहीतरी हवं होतं.

मग मी बाबाला खरं सांगून टाकलं. "मला वाटत होतं तू खोडावंस."

"मला पण वाटत होतं," बाबा म्हणाला.

"मग?"

तो सिग्नलला थांबला होता. पुठ्ठा मागच्या सीटवर होता. त्याने आरशातून एकदा तिकडे पाहिलं.

"ती म्हातारी शेजारी बसली होती," तो म्हणाला. "मी त्या चौकोनाशी अडलो, तर तिने विचारलं, तुला काय दिसलं? त्या शहरात सात महिन्यांत मला हे कोणी विचारलं नव्हतं गं. मी म्हटलं हिट. ती म्हणाली, मग लिही." सिग्नल हिरवा झाला. मागून हॉर्न वाजला तरी तो निघाला नाही. "आणि चेंडू लांब होता. तू नव्हतीस तिथे. एवढा लांब होता," म्हणत त्याने स्टीअरिंगवरचे दोन्ही हात काढून मला पुन्हा अंतर दाखवलं, आणि ते आता वीतभरापेक्षा बरंच जास्त होतं.