जिल्ह्याचा एकच पासवर्ड

आमच्या शाळेच्या संकेतस्थळाला दर काही महिन्यांनी माझा संशय येतो. पासवर्ड बदला म्हणतं. आधीचा चालणार नाही, नाव चालणार नाही, जन्मतारीख चालणार नाही; एक अक्षर मोठं हवं, एक आकडा हवा, एक चिन्ह हवं. मी गणित शिकवते, तिजोरी सांभाळत नाही. त्या संकेतस्थळावर सातवीच्या पोरांची हजेरी आहे, ती चोरून कोणी काय करणार आहे देव जाणे. तरी मी मुकाट्याने बदलते आणि नवा पासवर्ड चिठ्ठीवर लिहून फडताळाच्या दाराला आतून चिकटवून ठेवते. स्टाफरूममधल्या सगळ्यांनी तेच केलंय. फडताळाला कुलूप नाही.

इथवर सगळी गंमतच होती. भाचीच्या वेळी गंमत संपली.

माझी धाकटी बहीण वाशीम जिल्ह्यातच, जऊळक्याला राहते. तिच्या मुलीला नर्सिंगला जायचं होतं. मार्क चांगले होते, पण तिच्या वडिलांनी एकच परवानगी दिली होती, ती म्हणजे वाशीमची. सकाळच्या गाडीने जायचं, संध्याकाळच्या गाडीने घरी. वाशीमला नंबर लागला नाही तर घरी बसायचं आणि मग स्थळं बघायची. हे भाऊजींनी माझ्यासमोर, माझ्याच हातचा चहा पीत सांगितलं होतं. मी बरंच बोलले. ते ऐकल्यासारखं करत राहिले.

फॉर्म ऑनलाइन भरायचा, म्हणजे आमच्याकडे ऑनलाइन सेंटरवर जायचं. आमच्या भागात स्वतःचा फॉर्म कोणी स्वतः भरत नाही. मोबाइलवर प्रवेशाचं संकेतस्थळ उघडत नाही, उघडलं तर फोटो चढत नाही. त्यामुळे वाशीमला स्टँडजवळच्या एका सेंटरवर बाप-लेक जाऊन बसले. तिथला चालक भला माणूस होता, असं सगळे सांगतात. भला असेलही. पोरींच्या रांगेतून तो एकेक फॉर्म भरत गेला. मोबाइल नंबर प्रत्येकीसाठी स्वतःचाच टाकला, कारण ओटीपी यायचा तेव्हा बाप शेतात आणि फोन घरी, असं नेहमीचं असतं. आणि पासवर्डही प्रत्येकीला त्यानेच दिला.

आता त्या थोर संकेतस्थळाला हवी होती बारा अक्षरं. त्यांत मोठं अक्षर, लहान अक्षर, आकडा आणि चिन्ह. कोणी हुशार माणसाने एसीत बसून ठरवलं असेल की यामुळे पोरींचे अर्ज सुरक्षित राहतील. चालकाने इंग्रजीत जिल्ह्याचं नाव टाकलं, पहिलं अक्षर मोठं, मग ॲटचं चिन्ह, मग एक ते पाच आकडे. बरोबर बारा. संकेतस्थळाने हिरवी पट्टी दाखवली आणि पासवर्ड मजबूत असल्याचा निर्वाळा दिला. त्या दिवशी रांगेतल्या सगळ्या पोरींचा तोच मजबूत पासवर्ड झाला. आधीच्या दिवशीच्यांचाही तोच होता. चार अक्षरांचा चालला असता तर एखादीने आपल्या शेळीचं नाव तरी सांगितलं असतं.

पुढे कॉलेजं निवडायची वेळ आली. भाचीने सकाळी तिथे बसून वाशीम पहिलं टाकलं. साइट स्लो आहे, संध्याकाळी सगळ्यांचं एकदम लॉक करतो, तुम्ही गाडी पकडा, असं चालक म्हणाला. बाप-लेक गाडी पकडून घरी गेले. संध्याकाळी दुसऱ्या एका मुलीच्या घरून त्याला फोन आला की आमचं नागपूर पहिलं करा. ती रांगेत भाचीच्या पुढे होती, म्हणून दोघींच्या अर्जक्रमांकांत शेवटच्या आकड्याचाच फरक होता. त्याने शेवटचा आकडा चुकवला, पासवर्ड तोच मारला, आणि दार उघडलं. पासवर्ड वेगळे असते तर उघडलं नसतं. वर कोपऱ्यात बारीक अक्षरात माझ्या भाचीचं नाव होतं, ते वाचायला कोणाला सवड होती? त्याने तिच्या यादीत नागपूर वर चढवलं आणि लॉक करून टाकलं.

भाचीला नागपूर मिळालं. गावात लोक पेढे मागायला आले. भाऊजी म्हणाले, "नागपूर-बिगपूर काही नाही. वाशीम सांगतलं होतं मी. वाशीम नाही, तं घरी."

मी रजा टाकून बाप-लेकीला घेऊन सेंटरवर गेले. मला भांडायचंच होतं. चालकाने यादी उघडून पाहिली, चूक त्याच्या लक्षात आली, चेहरा उतरला. मग स्वतःला सावरून म्हणाला, "मॅडम, पासवर्ड तं स्ट्राँगच होता."

मी कपाळावर हात मारला. माणसाला रागावता तरी येतं, पण संकेतस्थळाला काय करणार? तक्रार केली. बऱ्याच दिवसांनी उत्तर आलं की लॉगिन योग्य पासवर्डने झालं आहे, सबब बदल उमेदवारानेच केला असं समजण्यात येतं, आणि पासवर्ड गुप्त ठेवण्याची जबाबदारी उमेदवाराची आहे. गुप्त! निम्म्या जिल्ह्याला तो पाठ होता. एवढ्या अटी घालताना एक अट घालायची राहिली, की पासवर्ड जिचा आहे तिला तो ठाऊक असावा.

कारण मी ते उत्तर वाचून दाखवल्यावर भाची हळूच म्हणाली, "मावशी, माहा पासवर्ड काय होता?"

तिला कोणी सांगितलाच नव्हता. तिनेही विचारला नव्हता. तिच्या बाबतीतलं काहीच तिला विचारून होत नसे, त्यातलंच हे एक. मला त्या क्षणी चालकापेक्षा भाऊजींचा जास्त राग आला.

ती वर्षभर घरी बसली. दोन स्थळं येऊन गेली, ती माझ्या बहिणीने, आयुष्यात पहिल्यांदा आवाज चढवून, परतवली. यंदा प्रवेश सुरू झाले तेव्हा मी भाचीला रिसोडला माझ्या घरी बोलावलं आणि लॅपटॉप तिच्यापुढे ठेवला. भाऊजीही सोबत आले होते. संकेतस्थळ गेल्या वर्षीपासून काय शिकलं? आता त्याला सोळा अक्षरं हवी होती.

भाचीने बराच वेळ विचार केला. मग लॅपटॉप आपल्याकडे वळवून घेतला आणि एकेक कळ शोधत टाइप करू लागली. मी मुद्दाम खिडकीबाहेर पाहत राहिले. हिरवी पट्टी आली असावी, कारण तिने मान डोलावली.

भाऊजी खुर्चीतून पुढे वाकून म्हणाले, "मलेही सांगून ठेव. उद्या लागला तं?"

ती त्यांच्याकडे न बघता कॉलेजांची यादी उघडत होती. म्हणाली, "नाही सांगत, बाबा. फॉर्म माहा आहे."

मग तिने पहिलं वाशीम टाकलं आणि दुसरं नागपूर.