गच्चीची शेवटची पायरी

ड्यूटीवरून आल्यावर माणसं आडवी होतात. आमचे चट्टीकाका पाठीवर दहा किलो तांदळाची पिशवी बांधून जिना चढायला लागत. काका वाईकडचे, परांची बांधण्यात तरबेज. सौदीतल्या दम्मामसारख्या सपाट गावात त्यांचा हा केदारनाथचा सराव चाले. तळमजला गौरीकुंड, पहिला जंगलचट्टी, दुसरा भीमबली, तिसरा लिंचोली आणि गच्ची म्हणजे केदारनाथ. वाटेवरच्या या चट्ट्यांवरून, म्हणजे थांब्यांवरून, कामगारांचा अख्खा कॅम्प त्यांना चट्टीकाका म्हणून हसायचा आणि त्यांना त्याचं काहीच वाटत नसे.

चढताना ते वाट सांगत. खाली बांजच्या, म्हणजे पहाडी ओकच्या झाडांची सावली, मग धबधब्यांचा गारवा, मग झाडं संपून नुसतं गवत. "पुढचं विचारू नकोस. मी पाहिलेलं नाही," एवढं म्हणून ते गच्चीच्या शेवटच्या पायरीवरून मागे फिरत. कारण पूर्वी एकदा खऱ्या वाटेवर लिंचोलीला काकूंना धाप लागली आणि दोघं परतले होते. काकूंना घेऊनच आता वर जायचं, असं त्यांनी ठरवलं होतं. या हट्टापायी त्यांनी गच्चीवरही कधी पाऊल टाकलं नाही. त्यांचे कपडे मीच तिथे वाळत घालायचो.

रजा दोन वर्षांनी मिळायची आणि नेमकी मार्गशीर्षात, काम थंडावलं की. तेव्हा भाऊबीजेला बंद झालेली देवळाची दारं वैशाखाशिवाय उघडत नसत. मी ऑफिसात टाइमकीपर, त्यामुळे वैशाखातल्या रजेचे त्यांचे अर्ज मीच लिहायचो. एकदा अर्ज मंजूर झाला. गावी काकूंनी कॅनव्हासचे बूट घेतले. मग कळलं, कंपनीने इकाम्याचं, म्हणजे तिथल्या राहण्याच्या परवान्याचं, नूतनीकरणच केलेलं नाही आणि त्याशिवाय देशाबाहेर पडता येत नाही. कफीलची, म्हणजे व्हिसा देणाऱ्या मालकाची, सही होईपर्यंत भाऊबीज उलटली.

"पुढच्या वर्षी जाऊ," काका म्हणाले आणि जिन्याच्या फेऱ्या दुप्पट केल्या. फेऱ्या मी मोजायचो. याचं मला आजही वाईट वाटतं, कारण त्या जिन्यानेच त्यांचे गुडघे खाल्ले. डॉक्टरांनी चढणं कायमचं बंद केलं. परांचीवर चढू न शकणारा माणूस कंपनीला नको होता. काका कायमचे घरी गेले. जाताना तांदळाची ती पिशवी त्यांनी माझ्या खाटेखाली सरकवली.

परवा फोन केला, तो काकूंनी घेतला. काका ओट्यावर बसले होते. "तीन पायऱ्या चढले आणि म्हणाले, जंगलचट्टी आली, आता बस," काकू म्हणाल्या. त्या हसल्या नाहीत.

यंदा मला वैशाखात रजा मिळाली आहे. मी ते त्यांना सांगितलं नाही.