घरासकट फोटो

हर्सूलच्या पलीकडं, बंद पडलेल्या दगडखाणीच्या कडेनं जी वस्ती उभी राहिली, तिला सगळे खदानवस्ती म्हणत. दोन हजार बाराच्या दुष्काळात फुलंब्री-सिल्लोडकडची माणसं तिथं येऊन उतरली आणि नंतर पाऊस पडला तरी परत गेली नाहीत. कुणी वाळूजला कंपनीत हंगामी लागलं, कुणी नव्या इमारतींवर सेंट्रिंगच्या कामाला. जागा सरकारी होती. हे सगळ्यांना ठाऊक होतं आणि त्यावर कुणी बोलत नसे.

रत्नमाला त्या वस्तीतली नव्हे. ती उताराच्या खाली, सासऱ्यानं बांधलेल्या दोन खोल्यांच्या पक्क्या घरात राहायची. नवरा राजकुमार वाळूजला शिफ्टमध्ये, एक पोरगी शाळेत. ती बारावीपर्यंत शिकलेली. पोलिओचा रविवार आला की खांद्याला डोसाचा डबा अडकवून ती वर चढायची आणि एकही लेकरू तिच्या हातून सुटत नसे. टँकरवरची भांडणंही तीच सोडवायची. त्यामुळं खदानवस्तीतलं कुठलंही दार तिला बंद नव्हतं.

दोन हजार सोळाच्या उन्हाळ्यात, टँकरही दिवसाआड यायला लागला तेव्हा, शिवशंकर नावाचा पोरगा तिला शोधत आला. गळ्यात ओळखपत्र, पाठीवर सॅक. पुण्याच्या एका कंपनीला सर्वेक्षणाचं काम मिळालं होतं, त्याचा तो सुपरवायझर.

"ताई, तुम्ही सांगितलं की लोक ऐकतात म्हणे. घर तिथं नळ द्यायचाय. आधी घरं तर कळायला पाहिजेत ना!"

रत्नमालाला ते पटलं. नळ म्हटल्यावर न पटण्यासारखं काय होतं? औरंगपुऱ्यात एका जिन्यावरच्या हॉलमध्ये तिला नि आणखी काही पोरींना काम शिकवलं. घरात माणसं किती, कधी आलात, आधारचा नंबर, मोबाइलचा नंबर, अंगठा, आणि शेवटी कुटुंबाला दारात उभं करून घरासकट फोटो. फोटो निघाला की टॅबवरच्या नकाशात हिरवा ठिपका उमटायचा.

"ही माहिती कुठं जाणार?" तिनं विचारलं होतं.

"वर जाते, ताई," शिवशंकर म्हणाला. "सर्व्हरला."

तिनं मान डोलावली. ती मान पुढं तिला फार दिवस सलत राहिली. सर्व्हर म्हणजे कुणाचा, तिथून पुढं कुठं, एवढं तरी विचारायचं होतं. पण हॉलमध्ये बाकीच्या पोरी भराभर टॅब चालवत होत्या आणि आपण अडाणी दिसू असं तिला वाटलं.

वस्तीत काम सोपं गेलं. लोक अंघोळ करून, लेकरांचे केस विंचरून तिची वाट बघायचे. "कधी आलात ते खरं सांगा बरं," ती प्रत्येकाला बजावायची. "खोटं सांगितलं तर नळ मिळायचा नाय." सगळ्यांनी खरं सांगितलं.

अडली फक्त बानाबाई. धनगराची म्हातारी, एकटी. पत्र्याची एक खोली आणि तिला टेकून शेळ्यांचं छप्पर, एवढा तिचा संसार.

"पाण्यासाठी माझा फोटू कामून लागतो?" ती म्हणाली. "तहान मला लागती, फोटूला नाय."

"अवं बानामाय, घर कुठंय ते कळल्याशिवाय पाइप कसा आणतील?"

"टँकरवाल्याला बरं कळतं."

आजूबाजूच्या बाया हसल्या. रत्नमालाही हसली आणि पुढच्या घराला गेली. पण शिवशंकरला नकाशात मोकळी जागा नको होती. तो रोज फोन करायचा. शेवटी एका संध्याकाळी ती बानाबाईच्या दारात जाऊन बसली. शेळ्यांच्या, लेकीच्या गोष्टी झाल्या.

"मी खोटं बोलीन व्हय तुमाला?" ती म्हणाली.

बानाबाई म्हणाली, "तू नाय बोलणार. म्हनून तर भेव वाटतं."

मग म्हातारी उठली, तोंड धुतलं, ठेवणीतलं लुगडं नेसून दारात उभी राहिली. अंगठा दिला. लेक सिल्लोडकडं दिलेली. जावयानं नुकताच घेऊन दिलेला बटणांचा फोन होता, त्याचा नंबरही दिला. "हसा की," रत्नमाला म्हणाली. बानाबाई हसली.

नळ आला नाही. फोन मात्र यायला लागले. कर्ज घ्या, विमा घ्या, बक्षीस लागलंय. एकदा बानाबाईनं सगळ्या वस्तीला ऐकवलं, "मला मॅडम म्हनली गं ती पोरगी! प्लाट घ्या म्हनली, शेंद्र्याला!" लोक पोट धरून हसले. रत्नमालाही हसली, पण उतार उतरताना तिच्या मनात आलं, म्हातारीचा नंबर लेकीला माहीत आणि आपल्या टॅबला. तिसरं कोण?

तिनं शिवशंकरला फोन केला. "ताई, हे सगळीकडं चालतं. लक्ष नका देऊ," तो म्हणाला.

राजकुमार तर हसलाच. "फुकट नळ देणारी कंपनी कधी पाहिलीस का तू? नळ त्यांचा मालच नव्हता. माल आपण."

तिला त्याचा राग आला. आपण केलेलं काम चांगलं होतं असं तिला अजून वाटत होतं.

दोन हजार अठराला पाऊस पुन्हा हुलकावणी देऊन गेला. त्याच हिवाळ्यात खाणीच्या मागून मोठा रस्ता जाणार असं ठरलं, आणि एका सकाळी वस्तीच्या दारादारांवर नोटिसा लागल्या. प्रत्येक नोटिशीवर त्या-त्या घराचा फोटो होता. विंचरलेली लेकरं, दारात उभी माणसं. खाली छापलेलं होतं, वास्तव्य दोन हजार बारापासून. त्याच्या आधीची घरं तेवढी वाचणार होती. बानाबाईच्या पत्र्यावर तिचा हसरा फोटो चिकटवलेला होता.

याआधीही घरं पाडायला पथकं आली होती. कुठलं घर कुणाचं, कधीचं, यात त्यांचा गोंधळ उडायचा. लोक रेशनकार्डं पुढं करायचे, नगरसेवकाला बोलवायचे, चार दिवस निघायचे. चार दिवसांची चार वर्षं व्हायची. या वेळी आलेल्या साहेबांनी कुणाला काहीच विचारलं नाही. हातातल्या मोबाइलवर ठिपका बघायचा, दारापुढं उभं राहायचं, पुढं निघायचं.

रत्नमाला धावत वर गेली. पुंडलिक, तिच्या नवऱ्याच्या वयाचा सेंट्रिंगवाला, दारातच उभा होता. त्याच्या धाकट्या दोन्ही पोरांना तिनं डोस पाजलेला.

"ताई," तो म्हणाला, "तुमच्या दाराला कागद नाय लागला."

एवढंच. ओरडला असता तर तिला काही सांगता तरी आलं असतं. तिचं घर जुनं, नावावर असलेलं, त्या नकाशाच्या बाहेरचं. हे खरंच होतं.

ती औरंगपुऱ्यात गेली. त्या जिन्यावर आता इंग्रजी बोलायचा क्लास चालत होता. शिवशंकर दुसऱ्याच कंपनीत लागला होता. त्यानं फोन उचलला, हेही त्याचं चांगुलपणच. "ताई, आम्ही फक्त डेटा गोळा केला. पुढं तो कुणी कशाला वापरला, मला कोण सांगणार? मी पण रोजावरच होतो."

सरकारी कचेरीतल्या बाबूनं तिचं शांतपणे ऐकून घेतलं. "माहिती लोकांनी स्वतः दिलीय," तो म्हणाला. "अंगठे आहेत."

"ते मी घेतलेत."

"मग तुम्हाला माहीतच आहे."

घरं पाडली त्या दिवशी ती वर गेली. राजकुमार नको म्हणत होता. बाया भांडी, गोधड्या, पत्रे बाहेर काढत होत्या. कुणी तिला हाकललं नाही. कुणी तिच्या हातात काही दिलंही नाही. एका टेंपोच्या कडेला ती रिकाम्या हातानं उभी राहिली. बानाबाई आधीच शेळ्या घेऊन लेकीकडं निघून गेली होती. जाताना खाली येऊन भेटली नव्हती.

पुढच्या वर्षी हिय्या करून रत्नमाला बानाबाईच्या लेकीच्या गावी गेली. बानाबाईनं चहा करायला लावला, शेळ्यांची नावं सांगितली, राजकुमारची चौकशी केली. खदानवस्तीचा विषय दोघींनीही काढला नाही. माफी मागायची म्हणून रत्नमालानं एसटीत जे शब्द जुळवले होते, ते तसेच राहिले. बोलायचं संपलं तेव्हा पोरीचा कॉलेजातला फोटो दाखवावा म्हणून तिनं पर्समधून मोबाइल काढला आणि समोर धरला.

बानाबाईनं चटकन पदर तोंडावर ओढला.

"माझा नको माय काढू."

"काढत नाय, बानामाय. पोरीचा दाखवते."

"व्हय," पदराआडून म्हातारी म्हणाली. "पण नको."

पोलिओचं काम रत्नमालानं तेव्हापासून सोडलं. कारण विचारलं तर गुडघे दुखतात म्हणते. कापडाच्या दुकानात बिल करताना मोबाइल नंबर मागितला तर "नाय माझ्याकडं" म्हणते, पर्समधला फोन वाजत असला तरी. पोरगी लाजते. राजकुमार थट्टा करतो. त्याच्या कंपनीच्या गेटवर आता चेहरा दाखवल्याशिवाय आत सोडत नाहीत. "तू नंबर लपव," तो म्हणतो, "मी रोज तोंड देऊन येतो." तो म्हणतो ते खरं आहे, हे तिला कळतं. तरी ती नंबर देत नाही.

मागच्या दिवाळीच्या आधी भाजीबाजारात तिला पुंडलिक दिसला. तिला वाटलं तोंड फिरवील. पण तो थांबला, पोरगी काय शिकते ते विचारलं, त्याची मोठी पोरगी उजवल्याचं सांगितलं. तिला इतकं बरं वाटलं की ती पटकन विचारून गेली, "आता राहायला कुठं हायेत तुम्ही?"

पुंडलिकनं पिशवी या हातातून त्या हातात घेतली.

"हाय की... तिकडंच," तो म्हणाला आणि बाजाराच्या पलीकडं, कुठंतरी हात केला.

तिनं पुन्हा विचारलं नाही.